कंपनीच्या कारभाराच्या तपासाचा सरकारी आदेश आणि न्यायालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्र सरकारने एखाद्या कंपनीच्या कारभाराचा तपास करायचा आदेश काढला की बँका हात आखडता घेतात, पुरवठादार उधारी थांबवतात आणि चांगली माणसे संचालक मंडळातून अंग काढून घेतात. तपासातून पुढे काही निघो वा न निघो, ही झळ आधीच बसलेली असते. उलट, वेळेवर तपास न झाल्याने छोटे भागधारक पार धुपून निघाले, असेही आपल्याकडे घडले आहे. म्हणून या आदेशांवर न्यायालयाचा लगाम किती आणि कुठे, हे संचालकांइतकेच भागधारकांनाही ठाऊक असायला हवे. खालची माहिती भारतातल्या कंपनी कायद्यापुरती आहे. प्रत्यक्ष प्रकरण हाती असेल तर वकिलाला कागद दाखवूनच पुढचे पाऊल टाका.

कंपनी निबंधकाचे पत्र आले आहे. म्हणजे तपास सुरू झाला का?

बहुतेक वेळा नाही. कंपनी कायदा, २०१३ मध्ये पायऱ्या आहेत. कलम २०६ खाली निबंधक, म्हणजे कंपन्यांची नोंदणी पाहणारा सरकारी अधिकारी, आधी माहिती किंवा स्पष्टीकरण मागवतो. उत्तराने समाधान झाले नाही तर तो चौकशी करू शकतो, आणि त्या वेळी आरोप काय आहेत हे कंपनीला कळवावे लागते. त्यानंतर कलम २०६ आणि २०७ खालची हिशेबवह्यांची तपासणी येते. तिचा अहवाल कलम २०८ खाली केंद्राकडे जातो. कलम २१० किंवा २१२ खालचा तपास ही याच्या पुढची पायरी आहे.

निबंधकाच्या पहिल्याच पत्रावर उच्च न्यायालय गाठणारे बहुतेक हात हलवत परततात. त्या पत्राला कागदपत्रांसह नीट उत्तर देणे हाच तपास टाळण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग आहे. तपासाच्या आदेशाची पाळेमुळे अनेकदा अर्धवट किंवा उर्मट उत्तरात सापडतात.

तपासाचा आदेश कोणत्या आधारावर निघू शकतो?

कलम २१० मध्ये तीन वाटा आहेत : निबंधकाचा किंवा निरीक्षकाचा अहवाल, कंपनीने स्वतः केलेला विशेष ठराव, किंवा लोकहित. या तिन्ही बाबतींत तपास आवश्यक आहे असे केंद्र सरकारचे मत व्हावे लागते. न्यायालयाने किंवा राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलटीने, कारभाराचा तपास व्हायला हवा असे म्हटले तर मात्र सरकारला पर्याय उरत नाही, आदेश काढावाच लागतो.

कलम २१२ खाली तपास गंभीर फसवणूक तपास कार्यालयाकडे, म्हणजे एसएफआयओकडे जातो. हे कार्यालय २००३ मध्ये केंद्राच्या ठरावाने उभे राहिले आणि २०१५ मध्ये त्याला नव्या कायद्याखाली वैधानिक दर्जा मिळाला. इथे वरच्या तीन वाटांखेरीज केंद्राच्या किंवा राज्याच्या एखाद्या खात्याची विनंती ही चौथी वाट आहे. एसएफआयओच्या अधिकाऱ्यांना अटकेचा अधिकार आहे, आणि कलम ४४७ खालच्या फसवणुकीच्या गुन्ह्यात जामीन मिळणे अतिशय कठीण असते. त्यामुळे कलम २१० चा आदेश आणि कलम २१२ चा आदेश यांची झळ सारखी नाही. माझ्या मते न्यायालयानेही दुसरा आदेश अधिक बारकाईने पाहायला हवा.

या आदेशाविरुद्ध अपील करता येते का?

केंद्राच्या आदेशाविरुद्ध नाही. वाट एकच : संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. एनसीएलटीने कलम २१३ खाली आदेश दिला असेल तर गोष्ट वेगळी. त्यावर ४५ दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते आणि पुढे कायद्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात.

रिट म्हणजे अपील नव्हे, हे सुरुवातीलाच मनाशी पक्के करावे. ‘आमचे हिशेब स्वच्छ आहेत, तुम्हीच तपासून बघा’ अशी विनवणी रिटमध्ये चालत नाही. हिशेब स्वच्छ आहेत की नाहीत हे ठरवणे न्यायालयाचे काम नाही. आदेश काढायचा अधिकार कायद्याने घातलेल्या अटी पाळून वापरला का, एवढेच ते बघते.

कायदाच म्हणतो ‘केंद्र सरकारचे मत झाल्यास’. मग सरकारच्या मतात न्यायालय काय बघणार?

या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये बेरियम केमिकल्स विरुद्ध कंपनी लॉ बोर्ड (केंद्राचा हा अधिकार तेव्हा वापरणारे सरकारी मंडळ) या खटल्यात दिले, आणि आजही सगळी चर्चा तिथूनच सुरू होते.

त्या वेळी १९५६ चा कंपनी कायदा होता. त्याच्या कलम २३७ च्या खंड ‘ख’ प्रमाणे, कंपनीचा कारभार धनकोंना किंवा सभासदांना फसवण्याच्या हेतूने चालला आहे, व्यवस्थापनातल्या माणसांनी फसवणूक किंवा गैरवर्तन केले आहे, किंवा सभासदांना हक्काची माहिती दिलेली नाही, असे सूचित करणारी परिस्थिती आहे असे मत झाले तर तपासाचा आदेश निघू शकत होता. सरकारचे म्हणणे सोपे होते : मत आमचे, ते आम्ही बनवले, विषय संपला.

न्यायमूर्ती हिदायतुल्ला, बचावत आणि शेलत यांच्या बहुमताने ते मान्य केले नाही. त्यांनी अधिकाराचे दोन भाग पाडले. परिस्थितीवरून तपास हवा की नको हे ठरवणे सरकारच्या मर्जीचे. तिथे न्यायालय आपले मत घुसडणार नाही. पण ज्या परिस्थितीवर ते मत उभे आहे ती अस्तित्वात असली पाहिजे, आणि आव्हान मिळाल्यावर ती निदान प्रथमदर्शनी दाखवता आली पाहिजे. शिवाय ती फसवणुकीकडे किंवा गैरवर्तनाकडे बोट दाखवणारी हवी. भलत्याच गोष्टीवर बेतलेले मत कायद्याच्या दृष्टीने मतच नव्हे. सरन्यायाधीश ए. के. सरकार आणि न्यायमूर्ती मुधोळकर यांनी वेगळा निर्णय दिला, म्हणजे निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला.

इंग्लंडमध्ये १९४१ साली युद्धकाळातल्या स्थानबद्धतेच्या लिव्हरसिज खटल्यात मंत्र्याच्या ‘वाजवी समजुती’ला न्यायालयाने हात लावायला नकार दिला होता, आणि एकट्या लॉर्ड ॲटकिन यांनी त्याविरुद्ध ठाम मत नोंदवले होते. सुमारे पंचवीस वर्षांनी आपल्या न्यायालयाचे बहुमत ॲटकिन यांच्या बाजूला येऊन उभे राहिले. प्रकरण बेरियमच्या कारखान्याचे होते, पण या निकालाने सरकारी अधिकाराच्या प्रत्येक शाखेत मर्यादा आखून दिली.

बेरियम केमिकल्सच्या फाइलमध्ये नेमके काय होते?

हे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण कसोटी कशी लागते ते इथेच कळते. कंपनी १९६१ मध्ये नोंदली गेली आणि तिला परदेशी कंपनीचे तांत्रिक सहकार्य होते. १९ मे १९६५ चा आदेश निघाला तेव्हा त्यात फक्त कायद्याचे शब्द उतरवलेले होते. कारणे बाहेर आली ती कंपनी लॉ बोर्डाच्या अध्यक्षांच्या प्रतिज्ञापत्रात. प्रकल्पाला उशीर झाला, नियोजन चुकले आणि खर्च दुप्पट झाला. सततच्या तोट्याने भागभांडवलाचा एक तृतीयांश भाग गिळला. शेअर बाजारात शेअरचा भाव दर्शनी किमतीच्या निम्म्यावर आला. आणि सुरुवातीला संचालक असलेल्या काही नामांकित मंडळींनी व्यवस्थापकीय संचालकाशी मतभेद झाल्याने कंपनी सोडली.

आता यातली प्रत्येक गोष्ट एकेक करून बघा. उशीर, तोटा, घसरलेला भाव, राजीनामे. धंदा वाईट चालल्याची ही लक्षणे खरीच. पण यातल्या एकाही गोष्टीवरून कोणी कोणाला फसवल्याचे सूचित होते का? बहुमताने म्हटले, नाही. अकार्यक्षमता हा तपासाचा आधार नाही. आदेश रद्द झाला.

मग नंतरच्या खटल्यात ही कसोटी टिकली का?

टिकली. रोहतास इंडस्ट्रीज विरुद्ध एस. डी. अग्रवाल या १९६९ सालच्या लॉ रिपोर्टमध्ये छापलेल्या निकालाने ती आणखी पक्की केली. तिथे १९६३ चा आदेश प्रामुख्याने दोन गोष्टींवर उभा होता. कंपनीने अल्बियन प्लायवुडचे शेअर कमी किमतीला विकल्याचा संशय, आणि एका प्रमुख संचालकाविरुद्ध इतर कंपन्यांच्या संदर्भातल्या तक्रारी. शेअरविक्री कवडीमोल झाली असे मानायला आधार सापडला नाही, आणि दुसऱ्या कंपन्यांबद्दलच्या तक्रारींवरून या कंपनीच्या कारभारात फसवणूक आहे असे म्हणता येईना. आदेश गेला.

२०१३ च्या कायद्यात तर नुसते ‘लोकहित’ लिहिले आहे. बेरियमची कसोटी आता लागू होते का?

या विषयातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. जुन्या कायद्यात फसवणूक, गैरवर्तन, माहिती दडवणे अशा ठरावीक गोष्टी सरकारला दाखवाव्या लागत. नव्या कायद्याने त्या उचलून एनसीएलटीच्या कलम २१३ मध्ये नेल्या आणि सरकारच्या हाती ‘लोकहित’ हा ऐसपैस शब्द दिला. मला हा बदल धोकादायक वाटतो. तोटा, उशीर, पडलेला शेअर या बेरियममधल्या गोष्टींना उद्या कोणी ‘लोकहित’ म्हटले तर अडवायचे कशाच्या बळावर?

मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कलम २१२ खालचा आदेश रद्द करताना या प्रश्नाला भिडून उत्तर दिले. ‘लोकहित’ हा शब्द आदेशात लिहिला म्हणून लोकहित सिद्ध होत नाही. मत बनवण्याआधी समोर काही सामग्री असली पाहिजे, तिच्यावर डोके चालवलेले दिसले पाहिजे, आणि बेरियम व रोहतास यांची शिकवण नव्या कायद्यालाही लागू आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे कसोटी जिवंत आहे. फरक इतकाच की पूर्वी सामग्री फसवणुकीशी जुळते का हे बघत, आता ती लोकहिताशी जुळते का हे बघतात. दुसरी मोजपट्टी अधिक सैल आहे हे नाकारण्यात अर्थ नाही.

आदेशात कारणेच लिहिलेली नाहीत. एवढ्यावर तो रद्द होईल?

फक्त एवढ्यावर सहसा नाही. तपास ही प्रशासकीय पायरी आहे, त्यामुळे निकालपत्रासारखा तपशील अपेक्षित नसतो. पण मत बनवल्याची नोंद फाइलमध्ये असली पाहिजे. आव्हान दिल्यावर सरकारला प्रतिज्ञापत्रात आधार सांगावा लागतो आणि न्यायालय मूळ फाइल मागवू शकते. तेव्हा त्या फाइलमध्ये आदेशाच्या तारखेपर्यंत काय होते ते बघितले जाते. नंतर गोळा केलेली सामग्री आधीच्या आदेशाला टेकू देऊ शकत नाही. मोहिंदरसिंग गिल खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलेले तत्त्व सरकारी वकिलांनाही पाठ असते : आदेशाची वैधता त्यातल्या कारणांवरच ठरते, नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणे जोडून तो वाचवता येत नाही.

सामग्री बंद लिफाफ्यात देण्याची सवय सरकारी खात्यांना आहे. एप्रिल २०२३ मध्ये मीडियावन वाहिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. तो खटला कंपनी तपासाचा नव्हता, पण लिफाफा पुढे आला तर याचिकाकर्त्याने त्याचा आधार जरूर घ्यावा.

आदेशाआधी आमचे म्हणणे ऐकायला नको होते का?

कलम २१० आणि २१२ खाली नाही. तपासात फक्त तथ्ये गोळा होतात, कोणाला शिक्षा होत नाही, म्हणून आधी सुनावणीचा हक्क नाही, ही न्यायालयांची भूमिका ठरून गेली आहे. यामागचे व्यावहारिक कारणही पटण्यासारखे आहे. जानेवारी २००९ मध्ये सत्यमच्या अध्यक्षांनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली आणि त्याच महिन्यात तपास एसएफआयओकडे गेला. अशा वेळी आधी नोटीस, मग उत्तर, मग सुनावणी करत बसले तर कागद जागेवर राहतील याची हमी कोण देणार? एनसीएलटीपुढे मात्र कलम २१३ मध्येच ऐकून घेण्याची संधी लिहिलेली आहे. ती न देता काढलेला आदेश अपिलात टिकणे अवघड.

आदेश सूडबुद्धीने काढला आहे, हे मांडावे का?

पुरावा असेल तरच. आरोप ज्याच्यावर आहे त्याला नावाने पक्षकार करावे लागते आणि तारीख-वार तपशील द्यावा लागतो. बेरियम खटल्यात तत्कालीन अर्थमंत्र्यांकडे बोट दाखवून दुष्टहेतूचा आरोप झाला होता. तो सिद्ध झाला नाही, तरी आदेश मात्र रद्द झाला. यावरून घ्यायचे ते एवढेच की हेतूच्या मागे धावण्यापेक्षा फाइल रिकामी आहे हे दाखवणे सोपे असते. कच्च्या आरोपाने भक्कम मुद्देही फिके पडतात.

तपासाला लगेच स्थगिती मिळते का?

क्वचित. सहारा समूहातल्या कंपन्यांच्या तपासाला दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम स्थगिती दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये उठवली. सुरू असलेला तपास अधेमध्ये थांबवायला न्यायालये नाखूश असतात, हे गृहीत धरूनच पावले टाकावीत. अटकेपासून संरक्षण, विशिष्ट कागद परत मिळणे, जबाबाच्या वेळी वकील नजरेच्या टप्प्यात असणे, अशा मर्यादित मागण्या मान्य होण्याची शक्यता जास्त.

याचिकेला उशीर करू नये. निरीक्षकासमोर महिनोन्‌महिने जबाब देऊन, कागद पुरवून, वारे फिरल्यावर आदेशाला आव्हान दिले तर पहिला प्रश्न ‘आतापर्यंत कुठे होता?’ हाच येतो.

अहवालासाठी आदेशात दिलेली मुदत उलटून गेली. तपास आपोआप संपला ना?

नाही. आदर्श समूहाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने हा मुद्दा उचलून अंतरिम जामीन दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये ते फिरवले. कलम २१२ मधली मुदत मार्गदर्शक आहे, ती संपली म्हणून एसएफआयओचा अधिकार संपत नाही.

कलम २१० चा तपास चालू असताना त्याच कंपनीवर कलम २१२ चा आदेश काढता येतो?

कर्नाटक उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हो म्हटले आहे.

उपकंपनी किंवा सहयोगी कंपनीचीही तपासात ओढाताण होऊ शकते?

होऊ शकते, पण कलम २१९ नीट वाचा. उपकंपनी आणि धारक कंपनी यांच्याबाबत निरीक्षकाला बराच मोकळा हात आहे. त्यापलीकडच्या, म्हणजे तोच व्यवस्थापकीय संचालक असलेल्या किंवा ज्यांचे संचालक या कंपनीच्या इशाऱ्यावर चालतात अशा कंपन्यांच्या कारभारात शिरायचे तर केंद्राची पूर्वमंजुरी लागते. ती मंजुरी, तिची तारीख आणि त्यात तुमच्या कंपनीचे नाव आहे का, या तीन गोष्टी आधी मागून घ्या.

निरीक्षकाच्या प्रश्नांना उत्तर न देण्याचा हक्क आहे का?

राजा नारायणलाल बन्सीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच सांगितले की या टप्प्यावर माणूस ‘आरोपी’ नसतो, त्यामुळे अनुच्छेद २० मधले स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचे संरक्षण त्याला मिळत नाही. कागद दिले नाहीत किंवा उत्तर टाळले तर कलम २१७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आणि २५,००० ते १ लाख रुपये दंड, वर रोजचा दंड वेगळा. जबाब शपथेवर असतो. तो वाचून, समजून, चुका दुरुस्त करूनच सही करावी. नंतर तोच तुमच्याविरुद्ध पुराव्यात येऊ शकतो.

मी लहान भागधारक आहे. सरकार तपास करत नसेल तर मी काय करू?

न्यायालयीन पुनर्विलोकनाचा, म्हणजे न्यायालयाने सरकारी निर्णय कायद्याच्या कसोटीवर तपासण्याचा, सगळा फायदा प्रवर्तकांनाच मिळतो असा समज आहे, तो बरोबर नाही. सरकारने तुमच्या अर्जाकडे ढुंकून पाहिले नाही तर उच्च न्यायालय त्यावर निर्णय घ्यायला सांगू शकते. तपास करायलाच लावणे मात्र दुर्मीळ, कारण कायदा ‘करू शकेल’ असे म्हणतो.

त्यापेक्षा एनसीएलटीची वाट खरी. भागभांडवल असलेल्या कंपनीत किमान १०० सभासद किंवा एकूण मतदानहक्काच्या किमान एक दशांश धारण करणारे सभासद कलम २१३ खाली अर्ज करू शकतात. फसवणूक, सभासदांवर जुलूम, माहिती दडवणे सूचित करणारी परिस्थिती असेल तर इतर कोणालाही अर्ज करता येतो. न्यायाधिकरण थेट एसएफआयओला कामाला लावू शकत नाही, ते प्रकरण केंद्राकडे पाठवते. अर्जदाराकडून २५,००० रुपयांपर्यंत तारण मागितले जाऊ शकते, आणि तपासातून खटला उभा राहिला नाही तर खर्चाचा वाटाही अंगावर येऊ शकतो. म्हणून अर्जात ‘कारभार संशयास्पद आहे’ असे मोघम लिहू नका. कोणता व्यवहार, कोणत्या तारखेचा, ताळेबंदातली कोणती टीप, सभेत विचारलेला कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, हे लिहा.

मी कंपनीत नोकरी करतो आणि निरीक्षकाला खरे सांगितले आहे. नोकरी जाईल का?

तपास चालू असताना तुम्हाला काढायचे, निलंबित करायचे किंवा खालच्या पदावर आणायचे असेल तर कलम २१८ प्रमाणे कंपनीला आधी न्यायाधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. हे संरक्षण फार कमी कर्मचाऱ्यांना माहीत असते, आणि माहीत नसल्यामुळेच हिशेब विभागातली प्रामाणिक माणसे गप्प बसतात. कंपनीने मान्यता न घेता कारवाई केली तर ती पत्रे जपून ठेवा.

याचिका तयार करताना कोणते कागद आणि मुद्दे हाताशी हवेत?

आदेशाची पूर्ण प्रत, फक्त पहिले पान नव्हे. त्यावर कोणाची सही आहे आणि सही करणाऱ्याला अधिकार कुठून मिळाला. कोणत्या कलमाचा कोणता खंड वापरला आहे : निबंधकाच्या अहवालावर आदेश काढल्याचे म्हटले असेल तर तो अहवाल खरोखर तपासाची शिफारस करतो का. निबंधकाशी झालेला सारा पत्रव्यवहार, पोचपावत्यांसह, कारण सरकारसमोर असलेले तुमचे उत्तर विचारात घेतलेच नाही हे दाखवता आले तर तो मोठा मुद्दा होतो. आणि मूळ फाइल न्यायालयापुढे मागवावी अशी स्पष्ट विनंती. ही विनंती करायची राहून गेली तर लढाई नुसत्या शब्दांवर होते.

तपासाच्या अहवालाची प्रत मिळते का?

कलम २१० खालच्या तपासात निरीक्षकाच्या अहवालाची प्रत केंद्राकडे अर्ज करून मागता येते. एसएफआयओच्या अहवालासाठी संबंधित व्यक्तीला न्यायालयात अर्ज करावा लागतो. खटला भरला गेला तर एसएफआयओचा अहवाल विशेष न्यायालयापुढे पोलिसांच्या आरोपपत्रासारखा धरला जातो, त्यामुळे प्रत मिळाल्याच्या दिवसापासून फौजदारी वकील सोबत असलेला बरा.